वरोरची पाटी आणि दादीचा सदका

भिवंडीहून वरोरला जायचं म्हणजे तीनदा वाहन बदलावं लागतं. भिवंडी रोडहून दिवा-वसईची गाडी, वसई रोडला उतरून डहाणू लोकल आणि वाणगाव स्टेशनाबाहेरून चिंचणीमार्गे रिक्षा. आमच्या शाळेतल्या एका सहकारी बाईंचं माहेर वरोरला. "भाऊबीजेला मी माहेरी जातेय, तुम्हीही या. मुलांना समुद्र दाखवा," असं त्या तीन वर्षं म्हणत होत्या. यंदा आम्ही चौघं निघालो. आम्ही दोघं, सहावीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा.

निघण्याच्या आदल्या रात्री मुलांच्या दादीनं मुलीला जवळ बोलावलं. दोन महिन्यांपूर्वी दादीच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. अल्हम्दुलिल्लाह, ती घरी परतली होती आणि काठी न घेता बावर्चीखान्यापर्यंत जात होती. उशीखालून पाचशेची नोट काढून तिनं मुलीच्या मुठीत ठेवली. "हा माझ्या जानेचा सदका. तिकडे एखादा बेजुबान जीव कैदेत दिसला तर त्याला सोडव आणि माझ्यासाठी दुआ कर."

आमच्या घरात ही गोष्ट नवी नाही. दर जुम्याला मशिदीबाहेरच्या रस्त्यावर एक माणूस छोटा पिंजरा घेऊन उभा असतो. पिंजऱ्यात मुनिया असतात. दादी बरी होती तेव्हा त्याला पैसे देऊन दोन पाखरं स्वतःच्या हातानं उडवायची. ती पंख फडफडवत वर गेली की तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं, ते मुलांनी लहानपणापासून पाहिलं आहे. त्यामुळे दादीचं काम आपल्यावर सोपवलं गेलं, याचा मुलीला फार अभिमान वाटत होता.

चिंचणी सोडली की रस्त्याच्या एका अंगाला भाजीच्या वाड्या लागतात, दुसऱ्या अंगाला सुरूची झाडं आणि त्यांच्यामागे समुद्राची चाहूल. वरोर हे मासेमारी करणाऱ्यांचं आणि वाडीवाल्यांचं गाव. या पट्ट्यात आणखी एक कारागिरी आहे, दागिन्यांचे साचे कोरण्याची. इथे त्याला 'डाय' म्हणतात. एखाद्या घरासमोरून जाताना पोलादावर छिन्नी-हातोडीची बारीक टकटक ऐकू येते. आमच्या आयाबहिणींच्या कानातल्या फुलांचा आकार अशाच कुठल्या तरी खोलीत आधी पोलादात उतरलेला असतो, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं.

रिक्षातून उतरून बाईंच्या घराकडे चालत जाताना नाक्यावर एक मावशी पाटी घेऊन बसलेल्या दिसल्या. पाटीत ओले, काळपट-हिरवे शंख होते. आधी ते नुसते शंख वाटले. मग एक हलला. त्याच्या तोंडाशी मऊ, करडं मांस बाहेर आलं, दोन बारीक शिंगं हवेत चाचपडली आणि तो दुसऱ्या शंखावर चढू लागला.

"अम्मी, अब्बू, गोगलगाई! जिवंत आहेत!" मुलगी ओरडली.

मावशी हसल्या. त्यांच्या बोलीत त्या जिवांचं नाव वेगळं होतं. आमच्या मुलीच्या लेखी त्या गोगलगाईच. सकाळच्या ओहोटीला खडकावरून काढल्या, असं मावशींनी सांगितलं. "जिवंतच विकाव्या लागतात बाय. मेल्या की टिकत नाहीत. उकळत्या पाण्यात टाकायच्या, मग सुईनं मांस काढायचं."

उकळत्या पाण्याचं ऐकून मुलीचा चेहरा पडला. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि मूठ उघडली. पाचशेची नोट घामानं ओली झाली होती.

आम्ही नको म्हणू शकलो असतो. पण दादीचे शब्द आमच्याही कानात होते. सगळी पाटी तीनशे रुपयांना ठरली. मावशींनी खुशीत दोन मुठी जास्त टाकल्या. "पाहुणे दिसता. कशा शिजवायच्या ते सांगू?" त्यांनी विचारलं. मुलीनं मान हलवली. "शिजवायच्या नाहीत मावशी. सोडायच्या आहेत." मावशींनी तिच्याकडे, मग आमच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पैसे कमरेच्या पिशवीत ठेवले.

बाईंच्या माहेरी भाऊबीजेची गडबड होती. आमच्यासाठी एक खोली झाडून, स्वच्छ चादर अंथरून ठेवली होती. पश्चिम कोणत्या बाजूला, हे बाईंच्या भावानं न विचारता दाखवलं. दुपारी ताटात बोंबील आणि कोळंबी होती. मासळीला जबीहाचा प्रश्न येत नाही, त्यामुळे अशा घरी आपल्याला निर्धास्त जेवता येतं. आमच्याकडे मात्र एक गंमत झाली. आमच्या घरात दोन मसलक नांदतात, एक माहेर कोकणी शाफई आणि एक सासर हनफी. शाफई मसलकात पाण्यातच राहणारे बहुतेक जीव हलाल मानले जातात. हनफी मसलकात पाण्यातला मासा तेवढा हलाल, आणि कोळंबीला मासा म्हणावं की नाही यावर आलिमांमध्ये जुना वाद आहे. एका ताटात कोळंबी राहिली, दुसऱ्यातली संपली. बाईंच्या वहिनींना वाटलं तिखट झालं.

मुलांचं जेवणात लक्ष नव्हतं. अंगणातल्या नळाखाली बादली भरून त्यांनी सगळ्या गोगलगाई तिच्यात सोडल्या होत्या. "त्यांना तहान लागली असेल," मुलगा म्हणाला. आम्हालाही ते बरोबरच वाटलं. उन्हात राहिलेल्या जिवाला पाणी, यापेक्षा मोठी भलाई कोणती? तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची हदीस आम्हीच मुलांना शिकवली होती. त्या एका घोटासाठी अल्लाहनं त्याला माफ केलं.

संध्याकाळी पाचला बादली घेऊन आम्ही जवळच्या किनाऱ्यावर गेलो. पाणी ओसरत होतं, वाळू लांबवर ओली पसरली होती. काही गोगलगाई बादलीच्या तळाशी झाकण मिटून बसल्या होत्या, काही हलत नव्हत्या. "घाबरल्यात," मुलगी म्हणाली. लाटेच्या कडेला उभं राहून तिनं बिस्मिल्लाह म्हणत बादली ओतली. शंख घरंगळत पाण्यात गेले. तेवढ्यात मुलानं आकाशाकडे बोट केलं. सूर्य बुडाला होता आणि त्याच जागेच्या थोडं वर, केसाएवढा बारीक नवा चाँद दिसत होता. त्या घरच्यांचा तो बीजेचा चंद्र आणि आमच्यासाठी नव्या महिन्याची सुरुवात. आम्ही चाँद पाहण्याची दुआ केली, दादीच्या सेहतीसाठी हात उचलले आणि फोनवर तिला सगळं सांगितलं. दादी रडली. "माझी जान हलकी झाली," म्हणाली.

गोष्ट इथेच संपली असती तर आम्ही हा लेख लिहिला नसता.

दुसऱ्या दिवशी फज्रनंतर चौघं पुन्हा त्याच किनाऱ्यावर फिरायला गेलो. रात्रीची भरती येऊन गेली होती. भरतीनं जिथवर कचरा आणून टाकला होता, त्या रेषेवर सुरूच्या काड्यांमध्ये, प्लॅस्टिकच्या तुकड्यांमध्ये आमचे शंख पडले होते. एक नाही, दोन नाहीत, ओळीनं. कावळे त्यांतलं मांस ओढून काढत होते. मुलगी धावत गेली, कावळे उडाले. तिनं एक शंख उचलला. त्याला वास येऊ लागला होता.

ती रडली नाही. एकेक शंख उचलून कानाशी, नाकाशी नेऊ लागली. ज्यांचं झाकण अजून घट्ट मिटलेलं होतं असे सात मिळाले. ते ओढणीच्या टोकात बांधून ती आमच्याजवळ येऊन उभी राहिली. "आपण यांना मारलं का?" तिनं विचारलं. या प्रश्नाला आमच्याकडे लगेच द्यावं असं उत्तर नव्हतं.

नऊच्या सुमारास मावशी खडकाकडून परतताना दिसल्या. आज त्या एकट्या नव्हत्या. त्यांच्यासोबत त्यांची जाऊ होती, आणि दोघींच्या डोक्यावर एकेक भरलेली पाटी. आम्हाला पाहून मावशींचा चेहरा उजळला. "तुमच्यासाठीच आज दोघी गेलो. काल सगळं घेतलंत ना."

अशी शरम आम्हाला फार वर्षांत वाटली नव्हती. काल एक पाटी सोडवली म्हणून आज दोन पाट्या भरल्या होत्या. मावशींचं काय चुकलं? बाजारात गिऱ्हाईक आलं, त्यांनी माल आणला. गिऱ्हाईकानं तो खाल्ला की समुद्रात ओतला, हे पैशाला कळत नाही. पैसा एवढंच सांगतो की हवं आहे, आणखी आणा. आम्ही स्वतःला सोडवणारे समजत होतो. मावशींच्या हिशेबात आम्ही त्या आठवड्यातलं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक होतो.

मुलीनं ओढणी उघडून सात शंख दाखवले आणि सगळं सांगितलं. मावशींनी पाटी खाली ठेवली. "कशात ठेवलेल्या?" "बादलीत." "पाणी कुठलं?" "नळाचं." मावशींनी कपाळाला हात लावला. "गोडं पाणी? अगं बाय, खाऱ्या पाण्यातला जीव तो. गोड्या पाण्यात घुसमटतो. आणि वाळूत ओतल्यास? त्यांना धरायला खडक लागतो."

एवढ्या साध्या दोन गोष्टी. समुद्रातल्या गोगलगाईचं अंग खाऱ्या पाण्याला सरावलेलं असतं. गोड्या पाण्यात ते पाणी शोषून फुगतं. झाकण मिटून ती काही काळ तग धरते, पण त्या झाकणालाही मर्यादा असते. आणि जी खडकाला पायानं चिकटून लाटेचा मार सोसते, ती वाळूत नुसती लोळत राहते. आमच्या हातून झालेल्या दोन्ही गोष्टी प्रेमानं झाल्या होत्या. त्या प्रेमाचा गोगलगाईंना काही उपयोग झाला नाही.

त्या दिवशी दुपारभर आम्ही दोघं याच विषयावर बोलत बसलो. कर्मं नियतीवर अवलंबून असतात, ही हदीस आपल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. आमची नियत साफ होती, म्हणून अल्लाह आम्हाला माफ करील अशी उमेद आहे. पण चांगली नियत माणसाला शिकण्यापासून सुटका देत नाही. प्रेषित (स.) यांनी प्रत्येक कामात एहसान, म्हणजे ते उत्तम रीतीनं करणं, आवश्यक ठरवलं. अगदी जनावर जबह करतानाही सुरीला धार लावावी आणि त्याला आराम द्यावा, असं सांगितलं. जिथे जीव घेतानाही रीत शिकावी लागते, तिथे जीव वाचवताना नको?

आणखी एक हदीस त्या दुपारी वेगळी उमगली. अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) सांगतात की एका प्रवासात काही सहाबांनी एका लहान पाखराची दोन पिल्लं उचलली. ती आई पंख पसरून घिरट्या घालू लागली. प्रेषित (स.) आले, त्यांनी विचारलं की हिला पिल्लांवरून कोणी दुःख दिलं, आणि पिल्लं तिला परत द्यायला लावली. वर्गात ही हदीस आम्ही कितीदा सांगितली असेल. त्यातलं 'परत' मात्र आमच्या लक्षात आलं नव्हतं. पिल्लं कुठेही उडवून दिली नाहीत. जिची होती तिच्याकडे गेली. आणि ज्यांनी उचलली होती त्यांनीच ती परत केली, पैशाचा व्यवहार मध्ये आला नाही.

नुसतं मोकळं सोडणं हे पुण्य ठरत नाही, हे कुरआननंही दाखवून दिलं आहे. जाहिलियतच्या काळात अरब लोक मूर्तींच्या नावानं उंटिणी मोकळ्या सोडत. अशा एका उंटिणीला 'सायबा' म्हणत. सूरह माइदामध्ये अल्लाहनं ही प्रथा आपण ठरवलेली नाही असं स्पष्ट केलं. दादीचा सदका अल्लाहच्या नावानं होता, त्यामुळे दोन्हींची बरोबरी नाही. पण जनावर सुटलं म्हणजे काम झालं, असं समजायचं नाही, एवढा धडा त्यात नक्की आहे.

ही रीत फक्त आपल्याकडे आहे असंही नाही. उस्मानी काळात इस्तंबूलमध्ये मशिदींजवळ पिंजऱ्यातली पाखरं विकत घेऊन सोडण्याचा रिवाज होता. चीन आणि तैवानमध्ये बौद्ध लोक बाजारातले मासे, कासवं विकत घेऊन नदीत सोडतात. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनजवळ काही बौद्धांनी बाजारातून आणलेले जिवंत शेवंडे आणि खेकडे अशाच श्रद्धेनं समुद्रात सोडले. ते जीव अमेरिकेकडचे होते. तिथल्या स्थानिक जिवांना त्यांच्यापासून धोका होता, म्हणून मच्छीमारांना ते पुन्हा पकडून काढावे लागले आणि २०१७ मध्ये न्यायालयानं दोघांना हजारो पौंडांचा भुर्दंड दिला.

गोगलगाईचं उदाहरण तर आपल्याच देशात आहे. १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या इंग्रज शंखतज्ज्ञानं मॉरिशसहून आणलेल्या मोठ्या आफ्रिकी गोगलगाई कलकत्त्यातल्या एका बागेत सोडल्या. आज ती गोगलगाय देशातल्या अनेक राज्यांत बागा आणि पिकं फस्त करते. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागात गोगलगाईंनी सोयाबीनचे कोवळे कोंब खाल्ले आणि शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली, हे बातम्यांत वाचलेलं आठवत असेल. चुकीच्या जागी सोडलेला एखादा जीव किती लांबवर पोहोचतो, याला हिशेब नाही.

संध्याकाळी बाईंनी आम्हाला डहाणूच्या कासवांबद्दल सांगितलं. डहाणूला वन विभागाच्या आवारात जखमी समुद्री कासवांचं शुश्रूषा केंद्र आहे. किनाऱ्यावर वाहून आलेली, जाळ्यात पाय तुटलेली कासवं तिथे आणतात, उपचार करतात आणि बरी झाली की समुद्रात सोडतात. मच्छीमारांसाठी सरकारनं २०१८ मध्ये एक योजनाही आणली. जाळ्यात कासव किंवा दुसरा संरक्षित जीव अडकला आणि त्याला सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी फोटो काढून कळवावं लागतं.

मुलीनं विचारलं, "म्हणजे त्यांनाही सोडण्याचेच पैसे मिळतात ना? मग आपल्यात आणि त्यांच्यात काय फरक?"

प्रश्न नेमका होता. थोडा विचार करून आम्ही तिला सांगितलं की कासव कोणी विकायला पकडलं नव्हतं, ते चुकून अडकलं. पैसे कासवाचे नाहीत, फाटलेल्या जाळ्याचे आहेत. त्यामुळे उद्या कोणी मुद्दाम कासव पकडणार नाही. ते जिथे अडकलं तिथल्याच पाण्यात लगेच सुटतं, आणि जखमी असेल तर आधी जाणकाराच्या हाती जातं. तिनं बोटं मोजली. "म्हणजे तीन गोष्टी बघायच्या. तो जीव कसा आला, आपल्या पैशानं पुढे काय होणार, आणि त्याचं घर कुठे आहे." आमच्या दोघांच्या बीएडपेक्षा तिचं हे टिपण सरस होतं.

तिसऱ्या दिवशी मावशींनी आम्हाला खडकावर नेलं. सात शंख रात्रभर समुद्राच्या पाण्यात, एका पातेल्यात ठेवले होते. त्यांतले पाच सकाळी पातेल्याच्या भिंतीवर चढले होते. आठ वाजून गेले होते आणि ओहोटीनं काळ्या खडकांचं मोठं पठार उघडं पडलं होतं. वरोर आणि वाढवणचा किनारा असा खडकाळ आहे. खाचांमध्ये पाणी साठलेलं, त्यात बारीक मासे, खेकडे, खडकाला चिकटलेली कालवं आणि शेवाळ. मावशी लोखंडी सळईनं एक दगड उलटवायच्या, हवं ते उचलायच्या आणि दगड पुन्हा होता तसा ठेवायच्या. मुलानं एक दगड उलटा टाकून दिला तेव्हा त्या ओरडल्या. "होता तसा ठेव. खाली अंडी असतात." लहान शंखांना त्यांनी हात लावला नाही. "हे पुढच्या वर्षीचे," म्हणाल्या.

आम्ही दोन दिवस दयेबद्दल बोलत होतो. मावशी तोंडानं त्याबद्दल काही बोलत नव्हत्या, दगड जागेवर ठेवत होत्या. तो दगड होता तसा ठेवण्यानं जितके जीव वाचले असतील, तितके आमच्या तीनशे रुपयांनी वाचले नव्हते.

मुलीनं पाच शंख एका ओल्या कपारीत ठेवले. बराच वेळ काही झालं नाही. मग एकाचं झाकण उघडलं, पाय बाहेर आला आणि त्यानं खडक धरला. मेलेल्यांचे रिकामे शंखही तिनं पिशवीत आणले होते. "ते पण इथेच टाक," मावशी म्हणाल्या. "शंखात राहणारे खेकडे असतात. त्यांना घर लागतं." तिनं ते एकेक करून पाण्याच्या खळग्यात सोडले.

परत फिरताना मावशी समुद्राकडे पाहत थांबल्या. इथून जवळच वाढवण बंदर उभं राहतंय. १९ जून २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं त्याला मंजुरी दिली, ३० ऑगस्टला पालघरमध्ये भूमिपूजन झालं. खर्च सुमारे ७६ हजार कोटी रुपये. समुद्रात भराव घालून चौदाशे हेक्टरांहून जास्त जमीन तयार करायची आहे, आणि बंदराला महामार्गाशी जोडणारा ३२ किलोमीटरचा रस्ता वरोरहून तव्यापर्यंत जाणार आहे. हाच डहाणू तालुका १९९१ मध्ये केंद्र सरकारनं पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला होता. सरकार रोजगाराचं सांगतं, मच्छीमार वर्षानुवर्षं विरोध करत आले आहेत. मावशी त्या वादात शिरल्या नाहीत. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून एवढंच म्हणाल्या, "तू पाच सोडल्यास, चांगलं केलंस. पण खडकच राहिला नाही तर कुठे सोडशील बाय?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे आजही नाही. पण एक जीव विकत घेऊन आपलं मन हलकं करणं सोपं आहे आणि तो जिथे राहतो त्या जागेची फिकीर करणं अवघड, हे त्या खडकावर उभं राहून कळलं. कुरआन सांगतं की जमिनीवर चालणारे आणि पंखांनी उडणारे जीव हे आपल्यासारखेच समुदाय आहेत. समुदाय म्हटलं की त्यांचं घर आलं, मोहल्ला आला. मोहल्ला उजाड झाला तर एकेकाला सोडवून काय उपयोग?

भिवंडीला परतल्यावर सगळ्यात कठीण काम बाकी होतं. दादीला खरं सांगायचं की नाही, यावर आम्ही दोघांनी गाडीतच बराच खल केला. तिची जान हलकी झाली होती, तिच्यावर पुन्हा भार का टाकायचा? निर्णय मुलीनं घेतला. घरात शिरताच दादीच्या पायाशी बसून तिनं सगळं सांगितलं. नळाचं पाणी, कावळे, दोन पाट्या, पाच शंख. मग उरलेले दोनशे रुपये तिच्या हातात ठेवले.

दादी बराच वेळ गप्प होती. तिची तस्बीह थांबली होती. मग तिनं विचारलं, "मुनियावाला तरी ती पाखरं कुठून आणत असेल?"

कोणी काही बोललं नाही. रानातली मुनिया पकडून विकणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हे आम्हाला ठाऊक होतं आणि तरी आम्ही इतकी वर्षं दादीचा हात धरून तिला त्या पिंजऱ्यापर्यंत नेत होतो. तिच्या आनंदावर विरजण नको म्हणून गप्प राहिलो होतो. ते आम्ही तिला त्या रात्री सांगितलं. दादी म्हणाली, "मला आधीच सांगायचं होतंत. मी म्हातारी आहे, नासमज नाही."

दोनशे रुपयांत तिनं आपले तीनशे घातले आणि गल्लीतल्या एका यंत्रमाग कामगाराच्या घरी औषधासाठी पाठवले. त्याच्या बायकोला कोणी पाठवले हे सांगू नको, अशी ताकीद मुलीला दिली.

पुढच्या जुम्याला दादी शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा घराबाहेर पडली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात नातीचा हात. पिंजरेवाला नेहमीच्या जागी होता. त्यानं लांबूनच सलाम केला आणि पिंजऱ्याचं दार उघडायला हात घातला. दादी थांबली. पिंजऱ्यातल्या पाखरांकडे तिनं खूप वेळ पाहिलं. मग म्हणाली, "बेटा, आजपासून मी घेणार नाही. तुझ्याकडे दुसरं काही विकायला असेल तर सांग, ते घेईन."

त्यानं काही उत्तर दिलं नाही. पण गेल्या जुम्याला त्याच्या पिंजऱ्याशेजारी एक टोपली होती. टोपलीत पेरू होते. दादीनं दोन किलो घेतले.